अर्थ लागत नाही

फोन आला तेव्हा मी नाना पेठेत
एका स्कूटरचे लायनर घासत होते.
ढमाले म्हणाले, चार चाकांची बाइक आहे,
चिखलातून, दगडांवरून जाते ती,
शनिवारी हिंजवडीची पोरं येणार, पैसे घेऊन बसलोय,
आणि ही मेली गप्प.
मिस्त्री पाठवा.
मिस्त्रीच बोलतेय, म्हटलं.
पलीकडे जरा वेळ नुसता वारा.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुटचा घाट,
डिकीत मीटर, प्लगपाना आणि एक गोणपाट.

कोळवणच्या अलीकडे, भातखाचराच्या कडेला
ती उभी. लाल. डोळ्यांत घुसणारी लाल.
गेल्याच आठवड्यात सगळी सोडवून रंगवली,
ढमाले तिच्याभोवती वरबापासारखे फिरत सांगत होते.
बटण दाबलं: टक्.
परत दाबलं: टक्.
जिभेनं कुणी नाही म्हणावं, तसं.

बशीरभाई बागवानांनी पहिले सहा महिने
माझ्या हातात पाना दिला नव्हता.
आधी डोळे, मग नाक, मग कान.
हात त्यानंतर. तोंड सगळ्यात शेवटी.

म्हणून बोलले नाही, बघत गेले.
हँडलवरचा लाल खटका चालू बाजूला.
गिअर न्यूट्रल, हिरवा दिवा आहे.
ब्रेक धरल्याशिवाय ही जात उठत नाही; धरला.
फ्यूज शाबूत. पेट्रोलचा वास ताजा.
बॅटरी बारा पूर्णांक सहा,
आणि बटण दाबूनही काटा तिथंच, जागचा हलेना.
कष्ट करणारा दमतो.
ही दमतच नव्हती,
म्हणजे काम हिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

पुतण्या ओजस, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष,
मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला,
सीडीआय गेलाय मावशी, सहा हजार, मागवून टाकू.
मी प्लग काढला, टोपीत बसवला, हेडला टेकवला.
काका, तुम्ही दोरी ओढा.
आणि तू, इंजिनिअर, ये इकडं आत.

भर दुपारी ठिणगी दिसत नाही.
तिला अंधार लागतो, आणि तो सोबत न्यावा लागतो.
गोणपाटाखाली आम्ही दोघं, डोक्याला डोकं,
जुन्या कांद्याचा वास, पोराचा थांबलेला श्वास,
बाहेर ढमाले दोरी ओढतायत, पाठीला शिव्या देतायत.
दिसली?
दिसली! म्हणाला, पहिल्यांदाच काहीतरी पाहिल्यासारखा.
रंग?
पिवळा. बारीक.
निळी पाहिजे, म्हटलं. ही उपाशी आहे.
अर्थ लागत नाही.
कशाचा?
मी हसले, तर गोणपाटाचा भुसा नाकात गेला.

बॅटरीच्या काळ्या टोकापासून इंजिनाला
एक सुटी वायर टेकवली, बटण दाबलं,
आणि भेंडाळलेलं इंजिन एकदम गरगरलं.
मग सापडलं:
चासीवर जिथं अर्थचा बोल्ट, तिथं रंग.
कॉइल जिथं बसते, त्या कानाखालीही रंग.
लोखंडाला लोखंड भेटायचं,
मधे चार हजारांची शोभा.

खरवडायला घेतलं तर ढमाल्यांनी डोळे मिटले.
बाई, नवा आहे हो.
रुपयाएवढाच काढते.
पॉलिशपेपरखाली राखाडी, उघडं, खरं लोखंड आलं.
दोन्ही बोल्ट आवळले. प्लग जागेवर.
एकाच बटणात अशी ओरडली
की खाचरातले बगळे बांध बदलून बसले.

पैसे मोजता मोजता ढमाले हळूच म्हणाले,
तेवढ्या जागेवर ब्रशनं एक हात मारू का? दिसतं ना ते.
बोल्ट काढून मारा, म्हटलं.
माझा नंबर आहेच.

बशीरभाईंना आता दिसत नाही.
दुकानाच्या फळीवर बसून असतात, हात मांडीवर,
बोटांच्या रेघांत अजून काळं.
शटर ओढताना विचारलं,
कसली होती?
निळी, म्हटलं. शेवटी निळी.
आवाज?
मी दातांतून काढून दाखवला: चट्.
त्यांनी मान तिरकी केली.
परत, म्हणाले.